६५६.१

नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या औषध कंपनीत क्यूसी लॅबचा, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा, दिवस यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर तपासण्यापासून सुरू होतो. कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, ते हे मशीन मोजतं. त्या सकाळी ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, दिवा नवा बसवला होता. अर्धा तास तापू दिला आणि सिन्नरहून येणाऱ्या ट्रेनी मुलाला वेव्हलेंग्थ चेक लावायला सांगितलं, म्हणजे दिव्याची ठरावीक रंगाची रेषा मशीन बरोबर तरंगलांबीला दाखवतं का, ते बघायला.

दहा मिनिटांत तो परत. "मॅडम, मशीन चुकतंय. पुस्तकात लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरला आहे, इथं तिन्ही वेळा ६५६.१ येतंय. डेव्हिएशन, म्हणजे चुकीची नोंद, टाकू का?"

एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, ६५६.१ च आहे, एवढं सांगून विषय संपला असता. बारा वर्षं मी त्या आकड्यापुढे नुसती टिक करत आले होते. पण पोराची शंका रास्त होती. पुस्तकातली रेषा साध्या हायड्रोजनची. आपल्या दिव्यात ड्यूटेरियम, म्हणजे केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त. केंद्रक जड, म्हणून इलेक्ट्रॉनच्या ओढीनं ते कमी डुलतं आणि रेषा जराशी सरकते. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. हायड्रोजनचं केंद्रक इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, ड्यूटेरियमचं ३६७० पट. फरक आला ०.१८ नॅनोमीटर. अंगावर काटा आला. एका न्यूट्रॉनचं वजन आमच्या प्रिंटआउटवर छापून आलं होतं! अशाच सरकलेल्या फिकट रेषांवरून हॅरोल्ड युरी यांनी १९३१ मध्ये ड्यूटेरियम शोधलं.

जेवताना गप्पांची गाडी मंगळावर गेली. अतिनील प्रकाशात हायड्रोजन आणि ड्यूटेरियमच्या लायमन अल्फा नावाच्या रेषा १२१.५६७ आणि १२१.५३४ नॅनोमीटरला, अगदी खेटून. आमचं मशीन १९० च्या खाली जात नाही, आणि तो प्रकाश हवेतला ऑक्सिजनच गिळतो. मोजायचा तर वातावरणाबाहेरच जायला हवं. मंगळयानावरचा दोन किलोंहून हलका लायमन अल्फा फोटोमीटर त्यासाठीच होता. त्यात हायड्रोजन आणि ड्यूटेरियमच्या वेगवेगळ्या कुप्या. टंगस्टनची तार तापली की रेणू फुटून अणू होतात, आणि ते नेमका आपापलाच प्रकाश शोषतात. मंगळावर ड्यूटेरियमचं प्रमाण पृथ्वीच्या पाच-सहा पट आहे. पाण्यातला हलका हायड्रोजन अवकाशात निसटला, जड मागे राहिला. पाणी गेलं, त्याचा हा हिशोब.

"आणि आपल्याकडे?" त्यानं विचारलं. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, गंगापूर धरणाचं पाणी. म्हटलं, "लिटरभर असेल ना? यात तीसेक मिलिग्रॅम ड्यूटेरियम आहे."

त्यानं बाटली उजेडात धरून पाहिली. मग लॉगबुकात ६५६.१ लिहून सही केली.