दमेकरी मुलाला हवापालटासाठी नेताय? आधी गादी उचलून बघा

काल रात्री परतलो. अंग आंबलंय, पण राग ताजा आहे तोवर लिहून टाकते. लेक नऊ वर्षांची. दमा आणि इसब दोन्ही. दहा दिवसांत आधी समुद्र, मग डोंगर असा बेत होता.

समुद्रकाठी 'श्वसनाला पोषक' खोली म्हणून दीडपट भाडं घेतलं. दार उघडताच ओलीचा वास. गादी दमट, कपाट सरकवलं तर मागे भिंतभर काळी बुरशी. पहाटे 3 वाजता लेक उठून बसली, छातीत शिट्टी वाजत होती. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून दम्याचा पंप दिला, पण श्वास शांत होईपर्यंत उजाडायला आलं. दमट खोलीत बुरशी वाढते आणि गादीतले माइट, म्हणजे दमा चाळवणारे धुळीतले अतिसूक्ष्म किडे, तेही पोसले जातात. खारा वारा बाहेर, मूल झोपतं आत! त्यामुळे लाटा दिसणाऱ्या खिडकीचे पैसे अजिबात देऊ नका. किनाऱ्यापासून लांब का असेना, उन्हाची, कोरडी खोली घ्या. आगाऊ पैसे देण्याआधी गादी उचलून बघा. लाज बाळगू नका.

इसब फुटलेलं असेल तर खारं पाणी भयंकर झोंबतं. त्वचा भरून आल्याशिवाय पाण्यात उतरवू नका. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि अंग ओलसर असतानाच मलम लावा. उरलेले दोन दिवस बरे गेले.

मला भुलवलं ते जुन्या आरोग्यधामांच्या वर्णनांनी. इंग्लंडात मार्गेटला गंडमाळांच्या (मानेतल्या गाठींचा क्षय) रुग्णांसाठी समुद्रस्नानाचं रुग्णालय 1791 साली स्थापन झालं; स्वित्झर्लंडमध्ये लेझँला डॉ. रोलिए 1903 पासून हाडांचा क्षय झालेल्या मुलांना डोंगरातल्या उन्हात ठेवत. पण ती मुलं तिथं महिनोन्‌महिने राहत, आणि तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. दमा हा वेगळा आजार आणि चार दिवस म्हणजे उपचार नव्हे, हे मला कुणी सांगितलं नाही.

डोंगराचा रस्ता नुसती वळणं. लेक चारदा ओकली. निघण्यापूर्वी पोटभर खायला घालू नका, पंप मात्र हाताशी ठेवा, डिकीत नको. पण वर, 1,600 मीटरवर, हवा कोरडी. अशा कोरड्या हवेत माइट फारसे तगत नाहीत. तिसऱ्या रात्री लेक सलग झोपली. मी जागी राहून तिचा श्वास ऐकत होते, शिट्टी नव्हती! कितीतरी महिन्यांनी. शक्य असेल त्यांनी समुद्र सोडावा आणि सगळे दिवस डोंगरावर काढावेत, असं मी आज तरी ठामपणे म्हणेन.

तिथंही सकाळच्या गार, कोरड्या हवेत पळाली की छाती आवळायची. नाकातोंडावर रुमाल बांधा, पळापळ दुपारी. गारठलेल्या पंपातून औषध नीट फवारत नाही, तो आतल्या खिशात ठेवा. ऊन वर जास्त भाजतं, टोपी हवीच. आणि बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप बंद करू नका.

आज घरच्या गादीवरून उठली ती शिंकतच. गादी-उशीला माइट न शिरणारी आवरणं आता मागवली आहेत. तुम्ही ती निघण्याआधीच घालून ठेवा.