नोकर म्हणजे सोबती

आज ऑफिसात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा निरोप समारंभ झाला. बोलताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "शेवटी काय, जन्मभर नोकर म्हणूनच राहिलो." टाळ्या पडल्या, पण त्यांचा तो खाली गेलेला आवाज डोक्यातून जाईना. घरी येऊन त्या शब्दाच्याच मागे लागले.

'नोकर' आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत तो मंगोलांनी नेला, १३व्या शतकात इराणवर त्यांचं राज्य आलं तेव्हा. मूळ मंगोल शब्द 'नोखोर', अर्थ सोबती! आपलं कुळ सोडून स्वतःच्या मर्जीनं एखाद्या सरदाराच्या बाजूनं उभा राहणारा माणूस.

चंगेजखानाची, म्हणजे तेव्हाच्या पोरसवदा तेमुजिनची, मंगोल कथा तर फार सुंदर आहे. त्याचे आठ घोडे चोरीला जातात. शोधताना वाटेत घोडीचं दूध काढणारा बोओर्चू भेटतो आणि घरी बापाला न सांगताच त्याच्यासोबत निघतो. घोडे परत मिळतात. तेमुजिन त्यातला वाटा देऊ करतो, तर हा साफ नाही म्हणतो. तू अडचणीत होतास म्हणून सोबत आलो, वाटा कसला घ्यायचा? हाच त्याचा पहिला नोखोर, पुढे मोठा सेनानी झालेला.

आजच्या मंगोल भाषेत तर हाच शब्द नवऱ्यासाठीही वापरतात.

दरबार वाढले, पगार आले आणि सोबतीचा ताबेदार झाला. आपण त्याला 'चाकर' जोडून 'नोकरचाकर' केलं.

उद्या सकाळीच त्यांना फोन करणार आहे. आठ घोड्यांची गोष्ट सांगायची आहे.