वाकड्या रस्त्याखालचं पाणी

शहराच्या नकाशात मोठा रस्ता उगाच वळताना दिसला, की मला पहिला संशय पाण्याचा येतो. सर्व्हेच्या नोकरीत लागलेली खोड; निवृत्त झालो तरी सुटली नाही. त्यामुळे पुतणी शिकायला आयर्लंडमधल्या कॉर्कला गेली, तेव्हा मी आधी तिथला नकाशाच उघडला. सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट, म्हणजे आपल्या नागपूरच्या सीताबर्डीसारखी तिथली मुख्य बाजारपेठ, चक्क विळ्यासारखी वाकलेली! तो मुळात ली नदीचा फाटा. १७८०च्या दशकात झाकून टाकला.

जुनं कॉर्क सगळं दलदलीतल्या बेटांवर वसलेलं. गाव वाढलं तसे फाटे बुजवून रस्ते केले. पुतणीला मुद्दाम साउथ मॉलवर पाठवलं.

‘‘काका, इथे काही घरांची दारं वरती आहेत नं, पायऱ्या चढून जावं लागते.’’

‘‘खाली कमानी दिसतात का?’’

दिसल्या. होड्या तिथे लागायच्या. माल खाली उतरायचा, शेटजी वर राहायचे.

डब्लिनला पॉडल नदी लिफीला मिळायची, तिथे डोह होता. व्हायकिंगांनी ८४१ मध्ये त्या परिसरात तळ टाकला. पुढे शहराची तहान पॉडलने भागेना, म्हणून तेराव्या शतकात डॉडर नदीचं पाणी पाटाने तिच्यात वळवलं. इतके कष्ट घेतले त्या नदीसाठी, आणि आज ती किल्ल्याजवळ जमिनीखालून वाहते. डोहाच्या जागी बाग आहे.

मला मात्र कॉर्कचा नोव्हेंबर २००९चा पूर जास्त जवळचा वाटतो. वरच्या इनिस्कारा धरणातून पाणी सुटलं आणि शहर बुडालं. जलशुद्धीकरण केंद्रही पाण्याखाली गेलं, म्हणजे दारात पूर आणि नळ कोरडे! विद्यापीठाने धरण चालवणाऱ्या वीज कंपनीला कोर्टात खेचलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि आपल्या डागा ले-आउटमध्ये घराघरांत पाणी शिरलं. तेव्हा ‘‘नाल्याला पूर आला’’ म्हणणारे मला बरेच भेटले. नाला काय बावा? नदी आहे ती, नकाशात बघा.

पुतणी सध्या खोली बदलतेय. नदीकाठी स्वस्त मिळतेय म्हणाली. म्हटलं घे, पण तळमजला नको.