क्राबीहून फी फी बेटं: थांबे कमी, पाणी जास्त

थायलंडमधल्या क्राबीच्या किनाऱ्यावर आओ नांग हे पर्यटकांचं गाव आहे. त्याच्या मुख्य रस्त्यावर दर दहा पावलांवर एक टूरचं दुकान आहे आणि प्रत्येक दुकानाबाहेर तेच फलक: ‘चार बेटं’, ‘सात बेटं’, ‘फी फी आणि माया बे’. आकडा जितका मोठा तितकी सहल भरगच्च, असं वाटणं साहजिक आहे. आम्ही फलकावरची बेटं मोजली नाहीत. सगळीकडे दोनच प्रश्न विचारले: बोट किती वाजता सुटते, आणि प्रत्यक्ष पाण्यात किती वेळ मिळतो? एका दुकानातल्या बाईंनी दिवसाचं वेळापत्रक कागदावर लिहून दिलं, तिथेच पैसे भरले. माणशी साधारण दीड हजार बाथच्या आगेमागे भाव असतो. त्यात हॉटेलहून ने-आण, दुपारचं जेवण, मास्क आणि लाइफ जॅकेट येतं. राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट मात्र बहुतेक वेळा वेगळं असतं: परदेशी प्रौढांना ४०० बाथ, मुलांना २००. ते रोख द्यावं लागतं, म्हणून सुटे पैसे ओल्या न होणाऱ्या पिशवीत ठेवा. तिकीट जपूनही ठेवा, कारण माया बे हा फी फीचा प्रसिद्ध किनारा आणि जवळचं बांबू बेट एकाच उद्यानात येतात आणि त्या दिवशी दोन्हीकडे तेच तिकीट चालतं.

सोबत कोण आहे त्यावर सहल ठरवा, हे पहिलं सांगणं. फी फी बेटं क्राबीच्या किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, खुल्या समुद्रात आहेत. स्पीडबोटीला पाऊण ते एक तास लागतो आणि त्या वेळात बोट लाटांवर चांगलीच आपटते. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल, कुणी गरोदर असेल, तर स्पीडबोटीचा विचारच करू नका. अशांसाठी आओ नांगसमोरची जवळची चार बेटं उत्तम. तिथे लाँगटेल जाते, म्हणजे मागे लांब दांड्यावर इंजिन आणि पंखा लावलेली लाकडी होडी. ओहोटीला तूप बेट आणि चिकन बेट यांच्यामध्ये वाळूची वाट उघडी पडते, चालत जाता येतं. पोहायला न येणारी लहान मुलं तिथे दिवसभर रमतात. आमच्याबरोबर आई होती, दादा-वहिनी होते आणि त्यांची नववीतली मुलगी. आईची पाठ ठणठणीत आहे आणि तिला माया बे बघायचाच होता, म्हणून आम्ही फी फी निवडलं.

हंगामाचं गणित आपल्याला समजायला सोपं आहे. कोकणावर येतो तोच नैर्ऋत्य मोसमी वारा अंदमान समुद्रावरून या किनाऱ्यावर येतो, त्यामुळे मे ते ऑक्टोबर इथे पाऊस आणि खवळलेलं पाणी. बोटी पूर्ण बंद नसतात, पण सहल ऐन वेळी रद्द होऊ शकते आणि पाणी गढूळ असतं. नोव्हेंबर ते एप्रिल हा खरा काळ. माया बे तर दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर बंदच ठेवतात, त्यामुळे गणपतीच्या सुट्टीला जोडून जायचा बेत असेल तर हे आधी बघा.

आम्ही सकाळी लवकर सुटणारी बोट घेतली आणि या एका निर्णयावर बाकीचा दिवस उभा राहिला. फुकेत आणि क्राबी दोन्हीकडच्या मोठ्या बोटी दहाच्या सुमारास फी फीला पोहोचायला लागतात. त्याआधी तास-दीड तास मिळाला तर ती बेटं वेगळीच दिसतात. बोटीत बसताना पुढच्या टोकाकडे जाऊ नका. वारा छान लागतो, पण आपटणं सगळ्यात जास्त तिथेच. मागे, इंजिनाजवळ बसा. ज्यांना बस लागते त्यांना बोटही लागेल असं धरून चाला आणि डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी तासभर घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. रिकाम्या पोटी बसू नका, आणि भरल्या पोटीही नको. दोन केळी आणि थोडा सुका पाव आम्हाला पुरला. मळमळलंच तर मोबाइल खाली ठेवून क्षितिजाकडे बघत राहायचं.

पहिला थांबा फी फी लेवरचा माया बे. फी फीची मुख्य बेटं दोन, फी फी डॉन आणि फी फी ले: डॉनवर वस्ती आहे, लेवर नाही. एका हॉलिवूडपटाचं चित्रीकरण माया बेमध्ये झालं आणि मग तिथे रोज पाच हजारांच्या आसपास माणसं यायला लागली. बोटी थेट वाळूपर्यंत येत, नांगर प्रवाळावर पडत. २०१८च्या जूनमध्ये थायलंडने हा किनारा बंद केला. तो उघडला जानेवारी २०२२मध्ये. मधल्या काळात प्रवाळाची रोपं लावली गेली, आणि काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परत आले. आता बोट खाडीत शिरतच नाही. बेटाच्या मागच्या बाजूला, लो समा नावाच्या खाडीत तरंगत्या धक्क्यावर उतरायचं आणि लाकडी पायवाटेने झाडीतून पलीकडे जायचं. पाण्यात गुडघ्यापर्यंतच जाता येतं, पोहायला मनाई आहे आणि रक्षक शिट्टी वाजवून मागे बोलावतात. काही जण कुरकुरत होते की एवढ्या लांब येऊन पोहायचंही नाही. मला हा नियम मनापासून पटतो. आम्ही वाळूवर उभे होतो आणि हातभर लांबीची शार्कची पिल्लं काठाकाठाने फिरत होती. माणसं पाण्यात उतरली असती तर ती तिथे दिसलीच नसती. पुतणी जवळजवळ सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत उभी होती.

तिथून पिले लगून जवळच. चुनखडीचे उभे कडे तिन्ही बाजूंनी, मध्ये हिरवं-निळं पाणी. तळाची पांढरी वाळू आणि कमी खोली यांमुळे हा रंग येतो, म्हणून सूर्य वर चढल्यावर तो जास्त खुलतो. पूर्ण ओहोटीला पाणी फार उथळ होतं, त्यामुळे सहलीच्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवणं फायद्याचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा हा फरक आणखी मोठा. पिलेत पोहायला परवानगी आहे, पण बोटींची ये-जा सतत चालू असते. चांगला पोहणारा असलात तरी लाइफ जॅकेट काढू नका, बोटवाल्याला तुम्ही दिसायला हवेत. वाटेत लागणारी व्हायकिंग केव्ह बोटीतूनच बघायची. आतल्या भिंतींवर जहाजांची जुनी चित्रं आहेत, त्यावरून हे नाव पडलं. पाकोळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांची खाण्याजोगी घरटी तिथे काढतात, त्यासाठी बांधलेले बांबूचे परांचे बाहेरून दिसतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघणं. आपल्याकडच्या अनेकांनी ते पहिल्यांदा मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ केलेलं असतं. तिथे माणूस हात धरून नेतो, तो सगळं सांभाळतो. इथे तसं नाही. बोट थांबते, गाइड हद्द दाखवतो आणि तुम्ही पाण्यात उतरता. त्यामुळे मास्क वापरायला आदल्या दिवशीच शिका. आओ नांगच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात किंवा हॉटेलच्या तलावात अर्धा तास पुरतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात काढल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. केस आत अडकले तर पाणी झिरपतं, मिशी असली तरी झिरपतं. दादाला दर चार-पाच मिनिटांनी पाणी काढावं लागत होतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्यात एकदा विसळायचं. विचित्र वाटलं तरी याच्याइतका साधा उपाय नाही. चष्मा मास्कमध्ये बसत नाही, नंबर जास्त असेल तर नंबरचा मास्क पुण्या-मुंबईतून घेऊन जा. नळीत पाणी शिरलं तर घाबरून डोकं वर काढायचं नाही, एकदा जोरात फुंकर मारायची, पाणी उडून जातं. श्वास तोंडाने, सावकाश, लांब. घाईघाईत छोटे श्वास घेतले की दम लागतो, आणि दम लागला की भीती वाटते.

आईला पोहता येत नाही. आदल्या संध्याकाळी तिने उथळ पाण्यात ओणवं होऊन सराव केला. बोटीवरून उतरताना लाइफ जॅकेट घट्ट बांधलं, हात दोरी बांधलेल्या रबरी चाकावर ठेवले आणि चेहरा पाण्यात घातला. बराच वेळ ती हललीच नाही, म्हणून वहिनीने खांद्याला हात लावला. आईने डोकं वर काढलं आणि म्हणाली, “अगं, खाली बाजार भरलाय!” त्यानंतर तिला वर बोलावणं अवघड झालं. पोहता न येणाऱ्यांनी घरी बसावं असं अजिबात नाही. जॅकेट, चाक, आणि सोबत एक शांत माणूस एवढं हवं. गाइडला मात्र आधीच स्पष्ट सांगा की यांना पोहता येत नाही, आमच्या गाइडने ते ऐकल्यावर स्वतः जवळ राहून लक्ष ठेवलं.

आमचा थांबा फी फी डॉन आणि बांबू बेटाच्या मधला हिन क्लांग नावाचा उथळ प्रवाळाचा पट्टा होता. प्रवाळाबद्दल खरं सांगायचं तर तो सगळा जिवंत नाही. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की प्रवाळ पांढरा पडतो. २०१०मध्ये आणि पुन्हा २०२४मध्ये थायलंडच्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर झालं. जागोजागी राखाडी, मोडके तुकडे दिसतात आणि वाईट वाटतं. पण मासे भरपूर. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर तर अंगाभोवती फिरतात. समुद्रफुलाच्या, म्हणजे अॅनिमोनीच्या, बोटांमध्ये लपलेले क्लाउनफिश दिसले. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात, त्याचा कटकट आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. कान देऊन ऐका. प्रवाळ बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत या माशांच्या पचनातून बाहेर पडलेल्या चुन्याचा मोठा वाटा असतो.

काही जण बोटीवरून पाव टाकून मासे गोळा करतात. तसं करू नका, दुसऱ्याने दिला तरी घेऊ नका. उद्यानात त्याला बंदी आहे, आणि पावाला सवकलेले मासे प्रवाळावरचं शेवाळ खायचं सोडतात. प्रवाळावर पाय टेकवू नका. दमलात तर पाठीवर उताणे पडा, जॅकेट धरून ठेवतं. खडकांच्या फटींत लांब काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर असतात, त्यांचा काटा पायात मोडला की दिवस संपला. शिंपला, प्रवाळाचा तुकडा काहीही पिशवीत टाकायचं नाही. सनस्क्रीनची बाटली घरीच तपासा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट यांसारखी प्रवाळाला घातक रसायनं असलेली क्रीम थायलंडच्या सागरी उद्यानांत २०२१पासून बंद आहेत आणि दंड एक लाख बाथपर्यंत होऊ शकतो. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट घाला. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्याच भाजतात, आणि पाणी थंड असल्याने ते तेव्हा कळत नाही.

मंकी बीचवर आम्ही उतरलोच नाही आणि तेच बरं. तिथली माकडं पिशव्या ओढतात, चावतात. चावलं की रेबीजची इंजेक्शनं, म्हणजे पुढची सहल दवाखान्यात.

जेवण फी फी डॉनवर, तोनसाई गावात. भात, नूडल्स, तळलेलं चिकन, भाज्या, कलिंगड. शाकाहारींनी हे लक्षात घ्यावं की दिसायला शुद्ध भाजीतही माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, घातलेला असतो. टूर ठरवताना ‘जे’ जेवण हवं असं सांगून लिहून घ्या, त्यात मांस-मासे आणि हा रस नसतो. थेपले, चिवडा जवळ असेल तर आणखी निश्चिंत. जेवून वेळ उरला तर गाव चालून बघा. हे गाव दोन खाड्यांमधल्या अरुंद पट्टीवर आहे आणि २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत दोन्ही बाजूंनी पाणी आलं होतं. उंचावर जायच्या वाटा दाखवणारे फलक आजही लावलेले आहेत, ते नजरेखालून घाला.

दुपारी बांबू बेटावर तासभर. सावली, मऊ वाळू, उथळ स्वच्छ पाणी. आई आणि वहिनी झाडाखाली पडून राहिल्या. परतताना लाटा वाढलेल्या असतात, म्हणून गोळीचा परिणाम दुपारपर्यंतच टिकणार असेल तर दुसरी कधी घ्यायची तेही डॉक्टरांना विचारून ठेवा. कोरडे कपडे आणि एक टॉवेल वेगळ्या पिशवीत बांधून ठेवला होता, त्याचा परतीच्या वाऱ्यात फार उपयोग झाला.

एक रात्र हाताशी असेल तर मी फी फी डॉनवर राहायला सांगेन. तोनसाईच्या किनाऱ्यावर लाँगटेलवाले उभे असतात. आदल्या संध्याकाळीच भाव, थांबे आणि निघायची वेळ ठरवा, उद्यानाचं तिकीट धरून की वेगळं तेही विचारा. पहाटे निघून वीसेक मिनिटांत फी फी लेला पोहोचता येतं, क्राबीच्या बोटी यायच्या कितीतरी आधी. होडीच्या नाळेवर रंगीत फिती आणि फुलं बांधलेली दिसतील. ती होडीच्या रक्षक देवीसाठी असतात, त्यांवर पाय पडू देऊ नका. क्राबीला परतणारी शेवटची फेरी दुपारीच सुटते, त्यामुळे तिची वेळ उतरल्याबरोबर धक्क्यावरच विचारून घ्या.