स्टोअररूममधला सेन्सर

जिन्यातले दिवे माणूस चढत असतानाच विझतात, असा फोन आला आणि मी हातातलं काम टाकून निघालो. खोलीत अंधार झाला तर खोळंबा होतो, जिन्यात झाला तर माणूस पडतो.

आधी वाय-फायवर संशय घेतला. आमचे दिवे ब्लूटूथ मेशवर, म्हणजे एकमेकांकडे बिनतारी संदेश पुढे सरकवणाऱ्या उपकरणांच्या जाळ्यावर चालतात. तेही वाय-फायसारखंच २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं, गर्दीत संदेश हरवतात. पण संदेश हरवल्याने चालू दिवा बंद होत नाही. त्याला कुणीतरी 'बंद हो' सांगावं लागतं. मग स्निफरला, म्हणजे हवेतले संदेश टिपणाऱ्या यंत्राला, आमच्या नेटवर्कची 'की' (संदेश कुलूपबंद करणारी आणि उघडणारी गुप्त किल्ली) दिली आणि पायरीवर बसून राहिलो. पाऊण तासाने दिवे गेले. स्क्रीनवर 'बंद'चा संदेश होता. तो आमच्याच कीने एन्क्रिप्ट केलेला, पण पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र आमच्या यादीत नव्हता.

छातीत धस्स झालं. कुणी आत शिरलंय?

जुन्या नोंदी चाळल्यावर पत्ता सापडला. सहा आठवड्यांपूर्वी बिघडला म्हणून काढलेला, माणसाची चाहूल घेऊन दिवे चालू-बंद करणारा जिन्यातला सेन्सर! खरं तर छतातली वायर सैल होती. सेन्सर चांगला आहे हे पाहून इलेक्ट्रिशियनने तो स्टोअररूममध्ये बसवला होता. तिथून कुणी बाहेर पडलं की थोड्या वेळाने तो इमानेइतबारे कळवायचा, 'इथे कोणी नाही', आणि जिना विझायचा.

इलेक्ट्रिशियनला मी काहीच बोललो नाही. चूक आमची होती. सेन्सर बंद पडलेला असताना आम्ही ॲपमधून त्याचं नाव पुसलं. रीसेटचा संदेश त्याच्यापर्यंत पोचलाच नाही आणि की त्याच्या मेमरीत तशीच राहिली. हाच सेन्सर भंगारात गेला असता आणि चिपमधून की काढू शकणाऱ्याच्या हाती लागला असता, तर अख्ख्या इमारतीचे दिवे त्याच्या ताब्यात गेले असते. या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

त्याच रात्री की बदलायला घेतली. नवी की प्रत्येक उपकरणाला त्याच्या स्वतःच्या डिव्हाइस कीने, म्हणजे फक्त त्याच्यापुरत्या वेगळ्या कीने, एन्क्रिप्ट होऊन जाते. काढलेल्या उपकरणाला ती पाठवायचीच नाही. २१४ पैकी ९ दिवे उत्तर देईनात. भिंतीवरचं बटण कुणीतरी बंद केलेलं. जुनी की रद्द होण्याआधी त्यांना नवी मिळाली नसती तर ते नेटवर्कबाहेर पडले असते, म्हणून मजल्यामजल्यावर हिंडून एकेक बटण चालू केलं.

पहाटे सहकारी स्टोअररूममध्ये जाऊन बाहेर आला. मी जिन्यात उभा होतो. सेन्सरने 'बंद' पाठवलं. एकही दिवा हलला नाही.