पाचाची बाटली, तीनशेची स्ट्रिप

आमच्या मेडिकलचं शटर सकाळी साडेआठला वर जातं. मे महिन्यातल्या त्या दिवशी मी आले तेव्हा काका पायरीवर आधीच येऊन बसले होते. मांडीवर वही, वहीत शंभर छत्र्यांचा हिशेब. "पोरी, पावसाळ्याआधी घाऊक उचलायच्या, स्टँडवर सुट्या विकायच्या. ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो. पहाटे अडीचला उठून सगळं मांडलंय बघ." तोंडाचा पट्टा थांबेना. कुलपात घातलेली किल्ली मी फिरवायचीच विसरले.

काका बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले. बोलणं मोजकं, सुटे पैसे दोनदा मोजणार. बायपोलरचं, म्हणजे मन कधी टोकाचं चढतं तर कधी खोल पडतं अशा आजाराचं, निदान तरुणपणीच झालेलं, पण आमच्या दुकानात त्यांना कुणी पेशंट समजत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला चिठ्ठी पुढे करायची, त्या आजारावरच्या लिथियम कार्बोनेट ३००च्या नऊ स्ट्रिप घ्यायच्या. सकाळी एक, रात्री दोन. मी आत जाऊन कंप्युटर उघडला. शेवटचं बिल सात आठवड्यांपूर्वीचं.

मग आठवलं, आणि पोटात गोळा आला.

पाचेक आठवड्यांपूर्वी, रविवारी संध्याकाळी ऐन गर्दीत, काकांनी काउंटरवर एक पांढरी बाटली ठेवली होती. लिथियम ऑरोटेट. न्यू जर्सीतल्या लेकीने कुणाबरोबर तरी पाठवलेली. तिकडे ही गोळी व्हिटॅमिनच्या शेजारी चिठ्ठीशिवाय मिळते. "घ्यायला हरकत नाही ना गं?" मी बाटली फिरवून आकडा पाहिला, ५ मिलिग्रॅम. "एवढंसं तर आहे, काही होत नाही," म्हटलं आणि पुढच्या माणसाचं सिरप काढायला वळले. जुनी गोळी चालू आहे ना, हे विचारलं नाही. तो एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता?

"काका, तीनशेची गोळी घेताय ना?"

"ती कशाला आता? लिथियम ते लिथियम. हे सौम्य आहे. हात बघ!" त्यांनी दोन्ही पंजे पुढे धरले. थरथर खरंच नव्हती. कार्बोनेटने त्यांचा हात एवढा कापायचा की चहा घेताना बशी वाजायची, आणि चार माणसांत त्यांना त्याची लाज वाटायची. त्यात ऑगस्ट २०२५मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचं काम गाजलं: अल्झायमरमध्ये मेंदूतलं लिथियम घटतं, आणि उंदरांना ऑरोटेटच्या बारीक डोसने फायदा झाला. काकांच्या आईला शेवटी घरचं माणूस ओळखू येत नव्हतं. लेकीने ते वाचून बाटली पाठवली, यात तिला काय बोलणार? फक्त ते उंदीर होते, आणि प्रश्न स्मृतिभ्रंशाचा होता, काकांच्या आजाराचा नव्हे.

मी स्ट्रिप आणि बाटली शेजारी ठेवून रद्दी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. आपल्या स्ट्रिपवर छापतात ते अख्ख्या क्षाराचं वजन. ३०० मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये खरं लिथियम ५६ मिलिग्रॅम, बाकीचा कार्बोनेट. अमेरिकन बाटलीवरचे ५ मात्र नुसत्या लिथियमचे. ते धरून ठेवणारं ऑरोटेट मोठं अवजड, त्यामुळे अख्खी गोळी भरते सव्वाशेच्या आसपास. म्हणजे एका डब्यावर पोत्यासकट वजन आणि दुसऱ्यावर नुसत्या धान्याचं. काका रोज १६९ मिलिग्रॅम लिथियम घेत होते, ते आले ५वर. औषध बदललं नव्हतं, जवळजवळ बंदच झालं होतं. आणि लिथियम असं एकदम तुटलं की आजार उसळून वर येतो.

कॅशियरच्या डोक्याने भागाकार माझ्याआधी केला. "चौतीस! मग चौतीस घेतो रोज. सोपं आहे." आणि झाकण उघडलंसुद्धा.

मी बाटली हिसकावली. काकांशी असं मी कधीच वागले नव्हते. त्या चढलेल्या अवस्थेत ते घरी जाऊन मूठभर खातील, याची मला खात्री होती. कार्बोनेटचा डोस रक्त तपासून बसवलेला असतो. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी पातळी बघायची. काकांची ०.७ असायची. १.५च्या वर गेली की विषबाधेची भीती. ऑरोटेटचा असा मोठा डोस कुणी बसवलेला नाही, आणि १९७९मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात सारख्याच लिथियमला ऑरोटेटने मूत्रपिंडाचं काम जास्त मंदावलेलं दिसलं होतं. नैसर्गिक, सौम्य वगैरे लेबलवरची भाषा. १९४९मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमने उन्माद उतरतो हे दाखवलं, त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाऊन माणसं दगावली. मूलद्रव्य एकच. किती गेलं आणि रक्तात किती राहिलं, यावर सगळं.

काकांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. ते मला एका छत्रीवरचा नफा सांगत होते. मी काकूंना फोन लावला. "मला वाटलं, बरं वाटायला लागलंय त्यांना," एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी अकरालाच बोलावलं. रक्ततपासण्या लिहून दिल्या: लिथियमची पातळी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच. शेजारच्या कलेक्शन सेंटरमधला पोरगा हिरव्या झाकणाची नळी घेऊन निघाला होता, त्याला परत पाठवलं. बहुतेक हिरव्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन असतं, त्यात लिथियमच मोजायचं म्हणजे आनंदच. लाल झाकणाच्या नळीत रक्त गेलं, पातळी नगण्य आली. काका दहा दिवस ॲडमिट होते.

रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती रडत होती. "मी फक्त मेंदूसाठी म्हणून पाठवलं, जुनी बंद करा कुठे म्हटलं?" तिने खरंच म्हटलं नव्हतं. मीही म्हटलं नव्हतं. दोघींनी न बोललेलं काकांनी बरोबर ऐकलं. त्या रविवारचं मी तिला सांगितलं, डॉक्टरांनाही सांगितलं होतं.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला काका आले. नऊ स्ट्रिप. चहा मागवला, बशी वाजली, त्यांनी ती डाव्या हाताने दाबून धरली. मग पिशवीतून एक काळी छत्री काढली. ॲडव्हान्स परत मिळाला नव्हता, बदल्यात चाळीस छत्र्या घरात येऊन पडल्या होत्या.

"दोनशे ऐंशी," म्हणाले, "तुझ्यासाठी अडीचशे."

मी पाचशेची नोट दिली. त्यांनी सुटे काढले, एकदा मोजले, पुन्हा मोजले आणि काउंटरवर ठेवले.