युनायटेडचा सगळ्यात टफ प्लेअर कोण? माझं मत हॅरी ग्रेगला

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या इतिहासातले सगळ्यात टफ प्लेअर कोण असा विषय निघाला की पहिलं नाव रॉय कीनचं येतं, आणि पाठोपाठ त्याचा हालांडवरचा टॅकल (आत्ताच्या स्ट्रायकर एर्लिंग हालांडचे वडील बरं का), आर्सेनलच्या हायबरी मैदानाच्या टनेलमधे त्यांचा कॅप्टन विएराशी झालेली बाचाबाची वगैरे. कीन मला प्रचंड आवडतो पण २००१ चा तो टॅकल म्हणजे निव्वळ सूड होता, त्यात टफ काय आहे? कीन बघायचा तर १९९९ च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला युव्हेंटसच्या घरी, तुरीनमधे बघा. इन्झागीने ११ मिनिटांत दोन गोल मारलेले, युव्हेंटस २-० पुढे, आणि हा पठ्ठ्या कॉर्नरवर हेडर मारून एक गोल परत करतो, मग झिदानवर फाऊल करून यलो कार्ड घेतो, म्हणजे आधीची कार्डं धरून बंदी, टीम जिंकली तरी हा फायनलला बाहेर. आणि त्यानंतर जो काही खेळलाय! मॅच ३-२ ने काढली. ज्या फायनलला आपण नाही तिच्यासाठी असं झटणं सगळ्यांना जमत नाही.

पण माझ्या पाच जणांच्या यादीत एक नंबर त्याचा नाही. हॅरी ग्रेग, गोलकीपर. डिसेंबर १९५७ मधे डॉनकास्टरकडून २३,५०० पौंडांना घेतला, तेव्हा गोलकीपरसाठी वर्ल्ड रेकॉर्ड रक्कम होती. दोन महिन्यांत, ६ फेब्रुवारी १९५८ ला, म्युनिकला टीमचं विमान कोसळलं, २३ माणसं गेली, त्यात ८ प्लेअर. ग्रेग बाहेर पडला होता, विमान कधीही पेटेल म्हणून लांब पळा असं ओरडणारे होते, आणि हा परत आत गेला. एका लहान मुलीला काढलं, तिच्या गरोदर आईला काढलं, टीममधल्या बॉबी चार्ल्टन आणि डेनिस व्हायोलेटला ओढून बाहेर आणलं. आणि १३ दिवसांनी शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध एफए कपच्या मॅचला हाच माणूस गोलमधे उभा! प्रोग्राममधे युनायटेडच्या टीमची जागा कोरी छापलेली, कारण ११ जण कुठून आणायचे हेच ठरलेलं नव्हतं. ३-० जिंकले. मे महिन्यात त्याच कपच्या फायनलला बोल्टनच्या लॉफ्टहाऊसने त्याला बॉलसकट खांद्याने गोलच्या आत ढकललं आणि रेफ्रीने गोल दिला (आज असं केलं तर रेफ्रीचं काही खरं नाही). त्याच उन्हाळ्यात वर्ल्ड कपला बेस्ट गोलकीपर. युनायटेडबरोबर मात्र विजेतेपदाचं एक मेडल नाही बिचाऱ्याला, आणि हीरो म्हटलेलं त्याला अजिबात आवडायचं नाही.

ब्रायन रॉब्सन दोन नंबरला. आधीच्या क्लबला, वेस्ट ब्रॉमला असताना एकाच सीझनमधे तीन फ्रॅक्चर, नंतर खांदा निखळायचा, १९८६ च्या वर्ल्ड कपला मोरोक्कोविरुद्ध पण निखळला. तरी पुढच्या टॅकलला अंग आखडून घेणं नाही. लोकांना हे चूक वाटतं, की जरा जपून खेळला असता तर अजून मॅचेस मिळाल्या असत्या. असेलही, पण जपून खेळणाऱ्या रॉब्सनने १९८४ मधे मॅराडोनावाल्या बार्सिलोनाला दोन गोल मारले नसते. दोन मॅचेसच्या लढतीतली पहिली लेग २-० हरून आलेले, घरी ३-० ने बाहेर काढले.

नॉबी स्टाइल्स दिसायला अगदीच साधा, बुटका, पुढचे दात नाहीत, मॅचमधे जाड कॉन्टॅक्ट लेन्स. आणि पोर्तुगाल-बेनफिकाचा स्टार युसेबियोला विचारा! १९६६ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला आणि १९६८ च्या युरोपियन कप फायनलला, दोन्हीकडे हाच त्याच्या मागे.

विडिच पाचवा, कारण चेल्सीच्या ड्रोग्बाचा गुडघा तोंडावर खाणारा डिफेंडर मला पाहिजेच. आता कोणीतरी म्हणेल लिव्हरपूलविरुद्ध लागोपाठ तीन मॅचेसमधे रेड कार्ड घेतलं, टोरेसने नाचवला. हो नाचवला, म्हणूनच पाचवा. स्टीव्ह ब्रूसचं नाक कितीदा मोडलंय ते बघता तो पण बसला असता इथे, मार्क ह्यूज पण, पण पाचच घ्यायचे ठरवलेत आणि स्टाइल्सला काढायला मी तयार नाही.